घडीचं घर घेऊन पाव्हण्यांच्या मुलखात

परवा नातवानं परदेशातून फोटो पाठवला. मोटारीच्या मागं एक पेटी जोडलेली, पेटीचं झाकण उघडलं की तिचा तंबू होतो, आत दोन पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. खाली लिहिलं होतं, "आज्जी, असलं घर तू बापजन्मात पाहिलं नसशील." मी त्याला कळवलं, बाळा, बापजन्मात नाही, पण तुझ्या आजोबांच्या राज्यात पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ते मागं बांधून शिरवळपासून सांगलीच्या पूर्वेच्या माळापर्यंत हिंडले. त्यात झोपायचं तेवढं राहून गेलं.

नातवाला ते खरं वाटेना. म्हणून हे सगळं इथं लिहिते. मी फोनला बोलून लिहिते, तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर फोनला बोला. ज्यांना असलं बिऱ्हाड घेऊन सातारा-सांगलीकडं हिंडायची हौस आहे त्यांनी आधी हे वाचावं आणि मग आपली अक्कल चालवावी.

काळ सत्तरच्या दशकातला. ज्या दोन वर्षांत सरकारी गाडी दिसली की गावातली गडीमाणसं उसात पळायची, त्यातलं दुसरं वर्ष. आमचे हवालदार नुकतेच फौजेतून पेन्शनवर रहिमतपूरला आले होते. हवालदार म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि आता घेतलं तर भिंतीवरच्या फोटोतून दचकतील.

फौजेत यांचं काम गाड्या दुरुस्त करायचं. तिकडं कुठल्याशा साहेबाच्या टेबलावर यांनी एका इंग्रजी मासिकात असल्या पेटीचं चित्र बघितलं, आणि ते चित्र डोक्यात घेऊनच गृहस्थ घरी आले. आल्या दिवशी आईच्या पाया पडले आणि त्याच आठवड्यात लिलावातला मोडका फौजी ट्रेलर खळ्यात आणून उभा केला. पुढं कैक महिने खळ्यात नुसती ठोकाठोक. दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांवर फळ्या बसवल्या, त्या बाहेर उघडल्या की दोन पलंग. मधी पाईपची कमान, वर ताडपत्री. खटका ओढला की कमान वर जायची, आणि तिच्याखाली बोट आलं तर बोटही. आमच्या थोरल्या दिरांची जुनी जीप होती, ती यांनी गोड बोलून मागून घेतली. गावानं ट्रेलरला नाव दिलं 'घडीचं घर'. काही लोक दुसरंही नाव घेत होते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता मला या खुळात पडायची काय गरज होती ते सांगते. आमचं घर म्हणजे सोपा, माजघर, सैपाकघर आणि आतली खोली. माणसं चौदा. झोपायला पुरुष सोप्यात, बायका-पोरं माजघरात, आणि दार असलेली एकच खोली ती आतली. तिच्यात धान्याची पोती आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यातली दहा हे फौजेत. सुट्टीवर आले तरी घरी म्हणजे सोप्यातच. मग दोन पोरं कशी झाली असं विचारू नका, ज्वारीच्या रानात राखण लागते. पण या माणसाशी मी सलग चार वाक्यं बोलले होते असं मला आठवेना. त्यांचा चहासुद्धा थोरल्या जाऊबाई करायच्या. माझ्या नवऱ्याच्या चहात साखर किती घालायची हे मला ठाऊक नव्हतं. हसू नका. मला त्याचं रडू यायचं.

तेव्हा मला कॅम्पिंगची हौस होती असं कुणी समजू नये. मला चार भिंती पाहिजे होत्या, ताडपत्रीच्या का होईना, आणि त्यात हा एक माणूस. दोघांपुरता चहा करायचा, त्याच्यासमोर बसायचं आणि विचारायचं, बाबा रे, तू आहेस तरी कोण? एवढ्यासाठी मी शिरवळच काय, काशीलाही गेले असते.

निघायचं ठरलं आणि घरात जत्रा भरली. जाऊबाईंना यायचं, धाकट्या दिरांना यायचं, आमच्या पोरांना तर यायचंच. माझा जीव खालीवर व्हायला लागला. तेवढ्यात आत्याबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"घडीचं घर हाय ते, धरमशाळा न्हवं," त्या म्हणाल्या. "त्याला वजन सोसायचं न्हाई. दोघंच जाऊ द्यात. अन् सांगलीच्या गणपतीला जाऊन या, म्हंजी कुणी इच्यारलं तर सांगाया बरं."

आत्याबाईंच्या शब्दापुढं बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. जाऊबाईंनी तोंड फुगवून तिळाचे लाडू बांधून दिले आणि आम्ही निघालो.

आता मार्गाबद्दल. यांच्याजवळ एक जुना फौजी नकाशा होता. इंग्रजांच्या वेळी पलटणी पायी चालायच्या तेव्हा दर मुक्कामाला पडावाची एक जागा राखलेली असायची, आणि नकाशावर तिथं बारकासा तंबू काढलेला. "बघ, ठिकठिकाणी कॅम्पिंग ग्राउंड हायत," हे म्हणाले. मी विचारलं, "आवं, पर हितली पलटण जाऊन किती वर्सं झाली?" तर म्हणाले, "जागा कुठं जातीया?" जागा कुठं जाते ते पुढं बघालच.

कोरेगाववरून साताऱ्याला गेलो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, पेट्रोल भरलं. तेव्हा ते साडेतीन रुपये लिटरच्या आसपास होतं आणि लोक तेव्हाही 'काय ही महागाई' म्हणत होते. पुणे रस्ता तेव्हा एकेरी, समोरून ट्रक आला की निम्मी चाकं मातीत. खंबाटकीच्या घाटात जीप तापली. तिला पाणी पाजलं, एका दगडाला टेकवून तिची समजूत काढली आणि खंडाळ्यावरून चहाच्या वेळेला शिरवळला पोचलो. नकाशावरच्या तंबूच्या जागी आठवड्याचा बाजार भरत होता, पण त्याच्या पलीकडं चिंचेखाली थोडा माळ शिल्लक होता. यांनी जीप लावली, खटका ओढला, कमान धाडकन वर गेली. खाकी ताडपत्री, खाकी पँट, फौजी जीप. मी स्टो काढला, पातेलं काढलं, साखरेचा डबा काढला. आज विचारणारच.

मान वर करून बघते तर बाजारात गडीमाणूस औषधाला नाही. बायका पाट्या सोडून उभ्या, आणि पुरुष सगळे उसात. ऊस नुसता सळसळत होता. एक म्हातारी माझ्याकडं येऊन कळवळून म्हणाली, "बाई गं, माझ्या पोराला सोडा. त्याचं अजून लगीन न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घराला लोकांनी नसबंदीच्या ऑपरेशनचा तंबू समजलं होतं. तिची समजूत घालतेय तोवर एक टोपीवाले गृहस्थ, गावातले हौशी कार्यकर्ते, दोन म्हाताऱ्यांना हाताला धरून घेऊन आले.

"साहेब, येनार म्हणून आधी कळवायचं न्हाई व्हय? ह्या दोन केशी तयार हायत."

"कसल्या केशी?" हवालदार म्हणाले. "आन् ह्यांचं वय काय?"

"सत्तरीला आल्यात. पर आमच्या कागदावर चाळीस हाय, त्याची तुमी काळजी करू नगा."

"आवं, हे घर हाय माझं!"

"आसू द्या की. आमास्नी घर काय अन् दवाखाना काय, नंबर भरल्याशी मतलब."

त्यातला एक म्हातारा मला हळूच विचारत होता, डालडाचा डबा खरंच देतात का. शेवटी यांनी पेन्शनचं कार्ड दाखवलं, माझं कुंकू दाखवलं, स्टो दाखवला, तेव्हा गृहस्थांची खात्री पटली. ते जरा हिरमुसले. मग आपल्या मुलखात कुणीही कुणाला भेटलं की जो प्रश्न विचारतो तो त्यांनी विचारला.

"गाव कंचं?"

"रहिमतपूर."

"रहिमतपुरात कोन?"

मी यांना डोळ्यांनी खुणावत होते की गप्प बसा. पण फौजेत विचारल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय. यांनी घराणं सांगितलं. गृहस्थांनी टोपी मागं सारली. "म्हंजी ज्यांची भन वाठारला दिलीया ते?" "व्हय." "तिची नणंद म्हंजी आमच्या साडूची सख्खी आत्या!" आणि त्यांचा चेहराच पालटला. "आवं, मग तुमी माळावर कशापायी? आमच्या घराला काय आग लागलीया व्हय? साडूला कळलं तर माझ्या दारात पानी पिनार न्हाई!"

झालं. पाव्हणे असताना उघड्यावर निजणं म्हणजे त्यांच्या तोंडाला काळं फासणं. घर घडी होऊन पेटीत गेलं आणि आम्ही साडूच्या आत्याच्या नात्यानं त्यांच्याकडं जेवलो. जेवण झकास होतं, खोटं कशाला बोलू. चहाही आला. हवालदारांनी तो नेहमीसारखा एका घोटात संपवला, पोरं काढा पितात तसा. मग बायका माजघरात आणि पुरुष सोप्यात. रहिमतपूर सोडून मी एवढ्या लांब येऊन पुन्हा माजघरातच पडले होते.

दुसऱ्या दिवशी परत घाट, सातारा, आणि खाली कऱ्हाडकडं. जीपमध्ये बोलता येईल म्हणाल, तर त्या इंजिनाच्या आवाजात शेजारी तोफ उडाली असती तरी कळलं नसतं. कऱ्हाडला कांदाभजी खाल्ली आणि ठराव केला की यापुढं गाव सांगायचं नाही, घराणं सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर लांबचे आहोत म्हणायचं. यांनाही पटलं. पुढं इस्लामपूरच्या बाजूला कृष्णाकाठच्या एका गावापाशी नकाशावर तंबू होता. जागा मोकळी, नदीवरून गार वारं, कडेनं ऊस. मी म्हटलं, देव पावला.

एक गोष्ट आम्ही विसरलो. त्या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत. ताडपत्री वर गेली आणि पाच-सात पेन्शनर काठ्या टेकत आले. त्यांनी गाव विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "पलटण कंची?" आणि दुसरा, "हुद्दा काय?" हे ताठ उभे राहून म्हणाले, "हवालदार!" त्याबरोबर त्यातले पांढऱ्या मिशीचे एक आजोबा पुढं झाले. ते सुभेदार होते.

सुभेदारांनी घराभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "हवालदार, तंबू वाकडा हाय."

"जी साब."

"पाडा. फिरून लावा."

आणि माझ्या नवऱ्यानं, पेन्शन खाणाऱ्या माणसानं, तंबू पाडला आणि फिरून लावला. मग दोऱ्या ढिल्या म्हणून पाडला. मग दार पूर्वेला पाहिजे म्हणून पाडला. बाकीचे पेन्शनर "लेफ्ट, लेफ्ट, जरा राईट" करत होते. मी दगडावर पातेलं धरून बसले होते. मला वाटलं जाऊन त्या मिशा ओढाव्यात. शेवटी सुभेदार खूश झाले. म्हणाले, "शाब्बास. आता बंद करा, अन् चला घरी. बोकड कापलाय."

मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "अगं, सुभेदार साबचा हुकूम हाय." तांबडा रस्सा असा होता की नाकातोंडातनं पाणी. सुभेदारीणबाईंनी मला एवढं वाढलं, एवढं वाढलं, की उठवेना. आणि मग? मग बायका माजघरात, पुरुष सोप्यात. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण घरोघरी तेच माजघर असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सांगली. बाजारपेठेतून जाताना हळदीचा वास नाकात बसतो तो दोन दिवस निघत नाही. गणपतीचं दर्शन घेतलं, भडंग घेतला. गणपतीला मी काय मागितलं ते तुम्हाला कळलंच असेल. कृष्णेच्या घाटापलीकडं जरा मोकळी जागा बघून घर उभं केलं. इथं शहर, इथं कोण कुणाला विचारतो? तर एक हाफ पँटवाला इसम पावतीपुस्तक घेऊन हजर. घर असेल तर घरपट्टी, वाहन असेल तर चाकपट्टी, आणि तमाशा-सर्कशीचा तंबू असेल तर करमणूक कर, यातलं तुमचं काय? हे म्हणाले, यातलं काहीच नाही. तो म्हणाला, काहीच नाही असा रकाना नाही. बिचारा खरंच विचारात पडला. तोवर तंबू बघून पोरांची रांग लागली होती, आणि त्यांचं म्हणणं, पिच्चर कंचा हाय ते सांगा. मग त्या इसमानं ते करमणुकीत घालून टाकलं. पावती फाडण्याआधी आम्ही घर मिटवलं आणि धर्मशाळेत गेलो. धर्मशाळेत पाटी होती: 'स्त्रिया डावीकडे, पुरुष उजवीकडे.' ती पाटी बघून मी एकटीच मोठ्यानं हसले. लोक वळून बघायला लागले तेव्हा डोळे पुसले.

आता शेवटचा मुक्काम. हे म्हणाले, "पूर्वेला जाऊ. तिकडं पानी न्हाई, माणूस न्हाई, पाव्हणं तर न्हाईतच." मिरजेवरून कवठे महांकाळच्या अंगाला निघालो. जसजसं पुढं जावं तसा ऊस सरला, मग ज्वारी सरली, मग नुसत्या बाभळी आणि दगड. रस्त्याची खडी अशी की तिळाच्या लाडवांचा चुरा झाला. संध्याकाळच्या आधी एका माळावर थांबलो. नकाशावर तंबू नव्हता. चार दिशांना एक माणूस नव्हता, एक घर नव्हतं, साडू नव्हता, सुभेदार नव्हता. यांनी खटका ओढला, घर उभं राहिलं. मी पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, पलीकडं चहाचं आधण ठेवलं. दोन कप. खरं सांगते, मला नवी नवरी झाल्यासारखं वाटत होतं. यांनी आपणहून बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि म्हणाले, "तुज्या हाताला लय दिसांनी खातोय." मी म्हटलं, आता चहा गाळताना विचारते.

तेवढ्यात लांबून घुंगरं वाजली. धनगराचं बिऱ्हाड. मेंढ्या, दोन घोडी, घोड्यावर कोंबड्या आणि लेकरं. त्यांनी आमच्याकडं एकदा बघितलं, मान हलवली आणि आमच्यापासून चांगलं अंतर ठेवून आपलं बिऱ्हाड उतरवलं. कुणी जवळ आलं नाही, कुणी गाव विचारलं नाही. सगळ्या प्रवासात तेवढीच शहाणी माणसं भेटली. मी मनातल्या मनात त्यांच्या बिरोबाला नारळ बोलले.

पण आमचे हवालदार अस्वस्थ झाले. ताटावर बसले, उठले, परत बसले.

"बरं दिसत न्हाई," म्हणाले.

"काय?"

"आपण जेवायचं अन् ती माणसं समोर बसल्यात."

"आवं, ती आपली चूल पेटवाय लागल्यात की!"

"तरी बी."

"आवं, नगा..."

मी हात धरायच्या आत यांनी तोंडाशी दोन्ही तळवे धरून हाक घातली, "ओ पाव्हणं! या की जेवायला!"

तिकडून म्हातारा धनगर ओरडला, "न्हाई, आमचं हाय, तुमी जेवा!" इथं एखादा इंग्रज थांबला असता. पण आमचा हवालदार तिथपर्यंत चालत गेला आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, "आमच्या भाकरीला काय काटं हायत व्हय?" ज्या वाक्यानं शिरवळपासून आम्हाला घरोघर ओढून नेलं होतं, तेच वाक्य, तोच सूर, दुखावलेली तीच मान. धनगर तरी काय करणार, तोही याच मुलखातला. आख्खं बिऱ्हाड जेवायला आलं.

मी भाकरी थापत राहिले. पीठ संपलं तेव्हा त्यांच्या सुनेनं स्वतःचं पीठ आणलं आणि माझ्याजवळ बसून थापायला लागली. दोन कपांच्या चहात एवढं पाणी पडलं की त्याला चहा म्हणायला धाडस पाहिजे. सून घडीच्या घराकडं बघत म्हणाली, "तुमास्नी घर न्हाई व्हय, बाई?"

"हाय की. लय मोठं हाय."

"मग असं का हिंडताय?"

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि का कुणास ठाऊक, तिला खरं सांगून टाकलं. "नवऱ्याशी बोलायला."

ती पदरात तोंड घालून हसली. मग हनुवटीनं मागं दाखवलं. मागं तिची सासू बसली होती. "आमी तर रोज हिंडतोय," ती म्हणाली, "पर म्हातारी संगंच आसती की."

हे तरी ठीक. पण जेवण उरकल्यावर म्हातारा म्हणाला, एक मेंढी दुपारीच व्यालीय, कोकरू लय लहान आहे, वारं बोचतंय आणि या माळाला लांडगं फिरतं. तो सहज बोलला, त्यानं काही मागितलं नव्हतं. हवालदारांनी लगेच घराचं दार उघडलं. "हितं ठेवा की! फस्ट क्लास जागा हाय!"

तर वाचकहो, आमच्या घडीच्या घरात पहिली जी झोपली ती मेंढी. डाव्या पलंगावर ती, उजव्या पलंगावर तिचं कोकरू. बाहेर शेकोटीच्या एका अंगाला बायका आणि दुसऱ्या अंगाला पुरुष. पाटी लावायची गरजच नव्हती.

सकाळी धनगरांनी यांना रामराम केला, मला दुधाचा तांब्या दिला आणि वाटेला लागले. मी जीपमध्ये बसले ती तोंड फिरवून. विट्याच्या अलीकडं चाक पंक्चर झालं, इंजिन बंद पडलं, सगळीकडं शांत झालं आणि माझा बांध फुटला.

"आवं, अकरा वर्सं झाली मला तुमच्या घरात येऊन," मी म्हटलं. "तुमाला काय आवडतं, काय न्हाई, ते जाऊबाईंना ठावं, सुभेदाराला ठावं, आता त्या मेंढीला बी ठावं झालं आसंल. मला न्हाई. मला घडीचं घर नगं हुतं. मला तुमी पायजे हुतासा. घटकाभर. तेवढं बी तुमी वाटून टाकलंसा."

हे पान्हा हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. चाक बसवलं, हात पुसले, आणि विट्यापासून पुसेसावळी, पुसेसावळीपासून रहिमतपूर, एक अक्षर नाही. मला वाटलं, जरा जास्तच बोलले. मग वाटलं, नाही, बरोबर बोलले. अशी दोन्हीकडनं मी घरी पोचले.

दारात सगळं घर गोळा झालं. "कसं काय झालं?" यांनी बघा कसं सांगितलं: "फस्ट क्लास. जागोजाग पाव्हणं भेटलं." जाऊबाईंनी ट्रेलर उघडायला लावला आणि नाकाला पदर लावला. मेंढीनं रात्रभरात जे करायचं ते सगळं केलं होतं. वास जावा म्हणून घर खळ्यात उभं केलं, फळ्या धुतल्या, ताडपत्री उन्हात टाकली.

संध्याकाळच्या आधी आत्याबाई काठी टेकत खळ्यात आल्या. घराभोवती फिरल्या, पायरी चढून आत गेल्या, पलंगावर बसल्या. मग आडव्या झाल्या. सगळे बघतच राहिले. कुणाच्या ध्यानीमनी नसताना आतून आवाज आला, "माजी वाकळ आन गं. मी हितंच निजनार."

"आत्याबाई, मेंढराचा वास मारतोय!" जाऊबाई म्हणाल्या.

"मारू दे. माझ्या म्हायेरात काय अत्तराचं दुकान हुतं व्हय? आत कोंडतं मला. हितं वारं हाय."

"पर आतल्या खोलीत धान्य हाय, राखण..."

"व्हय, उंदरं लय झाल्यात." आत्याबाई पलंगावरून उठल्याही नाहीत. "हवालदाराला झोपव तिथं. फौजेतला हाय, बघंल उंदराकडं. आन् एकट्याच्यानं व्हायचं न्हाई. दोघं जावा."

एवढं बोलून त्यांनी ताडपत्रीचा पडदा आतून ओढून घेतला. घरातली एकमेव दार असलेली खोली त्यांनी सोडली होती आणि कारण सांगितलं होतं उंदराचं. त्या घरात अकरा वर्षं मी एकही उंदीर बघितला नव्हता, मांजरं एवढी होती. मी सैपाकघरात जाऊन भिंतीला टेकून रडले. जाऊबाईंना वाटलं, मला वास सहन होईना.

दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आधी मी दोन कप चहा केला आणि आतल्या खोलीत नेला. दार लोटलं. पोत्यांच्या मधी हे बसले होते. माझ्या हातात साखरेचा डबा होता. अकरा वर्षांचा प्रश्न मी शेवटी विचारला.

"साखर किती घालू?"

त्यांनी कपाकडं बघितलं, दाराकडं बघितलं, दार बंद आहे याची खात्री केली. मग हळू आवाजात म्हणाले, "मला च्या आवडतच न्हाई गं. पहिल्यापासनं."

"मग रोज पिता कशाला?"

"कुणी इच्यारलंच न्हाई."

मी त्यांचाही कप प्याले. मग ते बोलायला लागले ते पोरं दार वाजवेपर्यंत. बरंचसं ट्रेलरच्या बिजागऱ्यांबद्दल होतं. मी सगळं ऐकून घेतलं.

आत्याबाई खळ्यातल्या त्या घरात पुढं अनेक वर्षं, अगदी शेवटपर्यंत झोपल्या. पावसाळ्यात वर पत्रा टाकून दिला. येणारा-जाणारा म्हणायचा, म्हातारीला लेकांनी बाहेर काढलं, आणि त्या म्हणायच्या, मीच लेकाला आत घातलंय. त्यांनी हे जाणूनबुजून केलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. आता ट्रेलरचा फक्त सांगाडा उरलाय, त्यावर कारल्याचा वेल चढवलाय.

तेव्हा कॅम्पिंगला निघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. घाटाआधी जीपला पाणी दाखवा. खाकी ताडपत्री घेऊ नका. गाव विचारलं तर मुके व्हा. आणि बरोबर जे माणूस असेल त्याला घर सोडायच्या आधीच विचारून घ्या, चहा लागतो का. आमच्याकडं त्या दिवसापासून सकाळी एक कप चहा आणि एक पेला दूध असायचं. आता नुसता कपच असतो. रोज सकाळी हात मात्र अजून पेल्याकडं जातो.